हिरव्या बांगड्या आणि गळतं सलाईन

माझी आई पनवेलच्या हॉस्पिटलात होती तेव्हा मी तिचं तोंड कमी आणि हात जास्त बघायचे. माझा धंदाच हातांचा. रोडपालीला आमच्या बिल्डिंगखाली माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. इतकी वर्षं बायकांचे दंड आणि मनगटं मापून मापून मला टेप न लावताही कळतं, की हिचा डावा दंड उजव्यापेक्षा जाड आहे. बाई म्हणते, "नाही हो, दोन्ही सारखेच." मी म्हणते, बरं बाई, सारखेच. आणि दोन्ही बाह्या वेगवेगळ्या कापते.

आईच्या आतड्यात गाठ होती. खाल्लेलं पुढे सरकत नव्हतं, पाण्याचा घोटसुद्धा उलटून पडायचा. त्यामुळे तिच्या अंगात जे काही जायचं ते हातातल्या सुईवाटे. ऑपरेशन झेपणार नाही, हे डॉक्टरांनी मला आणि माझ्या भावाला बाहेर बोलावून सांगितलं होतं. पण औषधं नीट पोटात, म्हणजे रक्तात गेली, ताप उतरला आणि ती उठून बसायला लागली, तर घरी न्या, म्हणाले. मग जेवढे दिवस मिळतील तेवढे तिच्या माणसांत. आईला आम्ही यातलं एवढंच सांगितलं, की ताकद आली की घरी.

घरी माझा बाप होता. आमचं गाव खाडीच्या कडेला. बाप तरुणपणी मिठागरात राबायचा, पुढे जमीन गेली, मिठागर गेलं, समोर टॉवर उभे राहिले आणि बाप ओटीवर बसून ते टॉवर बघायला लागला. वर्षापूर्वी त्याला पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. उरला एक "आँ", आणि त्या एका आवाजात तो हो, नाही, भूक, राग सगळं बोलायचा. ते फक्त आईला कळायचं. त्याला भरवणं, पुसणं, त्याची दाढी करणं, सगळं आई करायची आणि भावजयीला जवळ फिरकू द्यायची नाही. "माज्या हातचा सोरून तो कोनाचा जेवत नाय," असं मोठ्या तोऱ्यात सांगायची. आणि दुसरं एक वाक्य ती माझ्या लहानपणापासून म्हणत आलेली. "मना त्याच्या फुरं जायचंय. भरल्या हातान."

आमच्याकडे बाईने नवऱ्याच्या आधी जाणं म्हणजे भाग्य. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, ओटी, कपाळभर कुंकू. गावातल्या बायका अशा बाईच्या पाया पडतात. मला लहानपणापासून याचा राग यायचा. मरायचं तर मरायचं, त्यात पहिला-दुसरा नंबर कसला लावायचा? पण आईपुढे बोलून बघा. डोक्यावर मिरे वाटले असते तिने.

तर तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. उजव्या हातातल्या, हॉस्पिटलात आणलं त्याच दिवशी काढाव्या लागल्या. तेव्हा ती फारशी बोलली नाही, कारण डावा हात भरलेला होता. पण उजव्या हाताच्या शिरा काही दिवसांत संपल्या. काळ्यानिळ्या झाल्या, सुई शिरेना. मग डाव्या मनगटाच्या खाली, हाताच्या पाठीवर सुई लावली. सिस्टरने बांगड्या वर कोपराकडे सरकवल्या आणि म्हणाली, "आजी, या काढल्या तर बरं." आईने डोळे मिटून घेतले. तो तिचा नकार.

ही सिस्टर वयाने लहान, पण समजावून सांगायची. बाकीच्या सगळ्या, "गळतंय? येते हं," म्हणून निघून जायच्या. ती मला जवळ बोलावून दाखवायची. म्हणाली, "मावशी, ही सुई म्हणजे खरी सुई नाही. सुई आम्ही काढून घेतो, आत मऊ नळी राहते. ती शिरेत आहे तोवर ठीक. सरकली किंवा शीर फुटली की पाणी मांसात साठतं, नाहीतर भोकातून बाहेर गळतं. पट्टीखाली ओल आली, हात सुजला, कातडी ताणल्यासारखी झाली, हात गार लागला, आजी ठणकतंय म्हणाल्या, यातलं काहीही झालं तर आधी नळीवरची ही चाकी फिरवून सलाईन बंद करायचं. हात उशीवर उंच ठेवायचा. मग मला हाक मारायची. दाबायचं नाही, चोळायचं नाही, आणि पट्टीवर पट्टी चिकटवायची नाही."

पट्टीवर पट्टी चिकटवायची नाही, हे मला लगेच पटलं. विरलेल्या कापडावर ठिगळ लावून काय होतं ते मी रोज बघते.

त्यानंतर दोनेक दिवसांनी मी सकाळी आले तर आईचा हात पदराखाली. म्हटलं, "आये, हात बगू." म्हणते, "काय बगतंस, बरा हाय." मी पदर ओढला. चादर ओली, पट्टी ओली, हाताची पाठ पुरीसारखी फुगलेली. आणि बांगड्यांवरून तिने हातरुमाल गुंडाळून घट्ट गाठ मारलेली! त्या खाली घसरून सुईला लागू नयेत म्हणून. कारण सुईला लागल्या की सिस्टर काढा म्हणणार. सूज येत गेली तसतसा तो रुमाल आणि त्या बांगड्या हातात रुतत गेल्या. खालून सलाईन येतंय आणि वरून वाट बंद. जाणार कुठे पाणी?

"आये, हा ओला कशान झाला?"

"घाम हाय गो."

डिसेंबरात घाम. मी चाकी बंद केली, रुमाल सोडला, हात उशीवर ठेवला आणि सिस्टरला हाक मारली. ती आली, तिने बोटाने हलकेच दाबून बघितलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. बांगड्या साबण लावून निघतात का बघितलं, तर सुजलेल्या हातावरून त्या इंचभर हलेनात. बोटांची टोकं निळसर दिसायला लागली होती. सिस्टर म्हणाली, "मावशी, या आता वाढवाव्या लागतील. नाहीतर हातच जाईल." बांगड्या फोडायच्या असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढवायच्या म्हणतात, आणि तो शब्द तिने वापरला याचं मला बरं वाटलं.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तो जिता हाय तवर नाय." मग दुपारी ताप चढला, डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि ती गुंगीत गेली. बोटं आणखी निळी झाली. सिस्टर माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "वाढव." तिने हाताखाली जाड कापड सरकवलं, पक्कड कापडात गुंडाळली आणि एकेक बांगडी आवाज न करता तोडली. आई जागी झाली नाही. आजही कुणी मला विचारलं तर मी तेच सांगेन, वाढव. हात वाचवायचा होता. सिस्टरने ती नळी काढली आणि कोपराच्या आतल्या बाजूला मोठ्या मुश्किलीने दुसरी शीर शोधून नवी लावली.

आईला उठल्यावर रिकामा हात दिसू नये एवढं माझ्या लक्षात होतं. उजव्या हाताला आता सुई नव्हती. त्या हातात सैल बांगड्या चालतील का, असं मी सिस्टरला विचारलं. चालतील, म्हणाली. म्हणून मी बाजारात कासाराकडे पळाले. लग्नसराई, दुकानात ही गर्दी. मला हवा तो हिरवा रंग शोधायला त्याने वेळ लावला. परत आले तर आई जागी होती. दोन्ही हात पांघरुणावर ठेवून छताकडे बघत होती. कपाळ पुसलेलं होतं. सुईच्या जागी लावायचा ओला कापूस बाजूच्या टेबलावर होता आणि त्याला कुंकू लागलं होतं.

मला वाटलं, रागावली आहे. मी म्हटलं, "आये, हात सुजलेला ना, म्हनून वारवल्या. ह्या बग, नव्या आनल्या, या हातान घाल."

तिने कागदाच्या पुडीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "कवा गेला?"

"कोन?"

"मना काय येरी समजतंस? तुजा बापूस. कवा गेला?"

मला क्षणभर काही उमगेना, आणि मग कळलं, नवरा गेल्यावर बांगड्या उतरवतात तशा आपल्याही उतरवल्या, असं तिला वाटलं होतं. मी सांगितलं, बाबा घरी आहे, बरा आहे, सकाळी पेज प्यायला. सुईमुळे बांगड्या काढल्या, सिस्टरला विचार. ती शांतपणे ऐकत होती. ज्या माणसाला सगळं ठाऊक आहे ते ऐकतं तशी. मग म्हणाली, "हातच्या काकनाला आरसा कशाला गो?" आणि तो उघडा हात जरासा उचलून माझ्यापुढे धरला.

मग तिने मला एकेक दाखवून दिलं. भाऊ दोन दिवस आला नव्हता. माझे डोळे सुजलेले होते. आणि माझ्या डब्यात मासा नव्हता. आमच्या घरात माशाशिवाय जेवण म्हणजे एकतर सणवार, नाहीतर सुतक. भाऊ आला नव्हता कारण बापाला सांभाळायला भावजय एकटी पुरत नव्हती. डोळे सुजले होते ते आईसाठी रडून. आणि मासा? मासा मी सोडला होता, तिच्यासाठी. देवाला सांगितलं होतं, ही घरी आली की मगच खाईन. हे सगळं मी तिला सांगितलं. एकही गोष्ट तिला पटली नाही. नवस तर अजिबात पटला नाही. म्हणाली, "तू? नवस?" आयुष्यभर मी तिच्या देवांची टिंगल केली, त्याचं हे फळ.

आणि तिला फसवणं सोपं नव्हतं, कारण या बाबतीत ती स्वतः पक्की मुरलेली. माझी आजी, म्हणजे बापाची आई, शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा माझा धाकटा काका डंपरखाली सापडून गेला. आजीला सांगायचं नाही असं ठरलं. आईने सगळं अंगावर घेतलं. रोज आजीला सांगायची, तो उरणला बंदरात कामाला लागलाय, रात्री उशिरा येतो, तुम्ही झोपलेल्या असता, पाया पडून जातो. आजीने शेवटचा श्वास घेतला तोवर आईच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. खोटं बोल पण रेटून बोल, हे आमच्या घरात तिच्याइतकं कुणाला जमलं नाही. आजारी माणसाला असंच सांगतात, हे तिला आतून माहीत होतं. मग माझ्यावर का विश्वास ठेवील?

मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने फोन बापाच्या तोंडापुढे धरला. बाप झोपलेला, तोंड वाकडं, डोळे अर्धे उघडे. भावाने त्याला हलवलं, हाक मारली. बापाला गाढ झोप लागली की तो तोफेने उठायचा नाही. आईने बघितलं आणि मान फिरवली. "कवाचा हाय हा?"

"आताचा, आये. आता बोलतंय भाऊ."

"नातू मना फोनान जुना शुटिंग दाकवतंय. मेलेली मानसा पन फोनान हसतात."

त्यानंतर ती कुणाशी बोलेना. आणि सगळ्यात वाईट काय झालं सांगू? सुई पुन्हा गळायला लागली आणि ती काही सांगेना. आधी लपवायची तेव्हा निदान तिला काहीतरी राखायचं होतं. आता तिला काहीच राखायचं नव्हतं. मी चहा प्यायला खाली जाऊन आले तर पाठीखालची चादर भिजलेली आणि ती त्या ओल्यात तशीच पडलेली. हात गार. "आये, ठनकत नवता?" म्हटलं. ती म्हणाली, "ठनकंना का." मी चाकी बंद केली आणि तिच्यावर ओरडले. हॉस्पिटलात, शेजारच्या कॉटवरच्या माणसांसमोर, मरणाऱ्या आईवर ओरडले. मग बाहेर जाऊन जिन्यात बसून पोटभर रडले.

सिस्टर तिसरी-चौथी जागा शोधत होती. डॉक्टर मानेतून नळी घालायचं बोलायला लागले, पण अशा तापात आणि अशा अंगात तेही धोक्याचं, असं स्वतःच म्हणाले. मी भावाला फोन केला. म्हटलं, बाबाला घेऊन ये.

तो म्हणाला, "बाय, त्याला हलवायचा कसा? बसवला तरी कलंडतो. वाटेत काय झाला तं?"

"आणि इथे काय चाललंय ते दिसतंय ना? नवरा जिता असताना ही बाई रांडवपण घेऊन मरतेय. जन्मभर एकच मागणं मागितलं तिने."

त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी मागून भावजयीचा आवाज आला, "मी बसतंय मागं, त्यांना धरून." जिला आईने आयुष्यभर सासऱ्याच्या ताटाला हात लावू दिला नव्हता, ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. चुलतभावाची गाडी, मागच्या सीटवर उशा रचलेल्या, बापाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, डोक्याला तेल. हॉस्पिटलच्या चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टने वर आणला. आई भिंतीकडे तोंड करून होती. मी म्हटलं, "आये, बग कोन आलाय." ती वळली नाही. मग बापाने आवाज काढला. "आँ."

आई वळली. सुईचा हात तिने आपणहून जागच्या जागी ठेवला, मला सांगावं लागलं नाही. आधी नुसती बघत राहिली. मग भावाला खुणेने म्हणाली, जवळ आन. खुर्ची कॉटला चिकटवली. तिने उजवा हात पुढे केला आणि बापाच्या गालावर ठेवला. वाकड्या झालेल्या गालावर. बोटं हनुवटीखाली फिरवली.

"दारी कोन करतंय याची?"

"मी," भाऊ म्हणाला.

"ही काय दारी हाय? गल्याखाली सगला तसाच."

आणि मग ती रडायला लागली. माझ्या आजीच्या वेळी रडली नव्हती, काकाच्या वेळी रडली नव्हती, स्वतःचं दुखणं कळलं तेव्हाही नाही. बापाने डाव्या हाताने तिचं डावं मनगट धरलं आणि त्या उघड्या जागेवर अंगठा फिरवायला लागला. वर-खाली, वर-खाली, काय हरवलं ते शोधत असल्यासारखा. "आँ? आँ?" करत होता. आईला कळलं. तिने त्याला समजावलं, "हात सुजलेला, म्हनून काढल्या. तू जिता हायस ना, मंग झाला तं." जे मी गळा फोडून सांगत होते, ते आता ती त्याला सांगत होती!

पुडीतल्या बांगड्या मी तिच्या उजव्या हातात भरल्या. हात इतका बारीक झाला होता, की सहज गेल्या. कुंकू कुणाकडे नव्हतं. मी माझ्या कपाळाची टिकली काढून तिला लावली. बाप बघत होता.

तो गेल्यावर आई बदलली. उठवा म्हणाली. उशा लावून बसवली तर घटकाभर बसली. थेंब पडतात का नाही, हे स्वतः मान वर करून बघायची. सिस्टरला विचारायची, "पोरी, ही नली नीट हाय ना?" सूज उतरायला लागली. ताप दोन दिवस आला नाही. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर घरी न्यायचं बघू. मी दुकानातल्या बायकांना सांगून टाकलं, आई घरी येतेय, उरलेले ब्लाउज आठवड्याने मिळतील. मला खरंच वाटायला लागलं होतं.

आणि एका सकाळी मी हॉस्पिटलच्या दाराशी चहा घेत होते तेव्हा भावाचा फोन आला. "बाय, बाबा गेला."

आदल्या रात्रीपासून छाती भरली होती, म्हणाला. पहाटे पेज भरवायला गेले तर गेलेला. मी तिथेच बाकावर बसले. चहा हातात. खरं सांगते, बाप गेला याचं दुःख मला त्या वेळी झालंच नाही. मनात एवढंच आलं, की वर आई उठून बसली असेल आणि बांगड्या वाजवत असेल.

ब्लाउज द्यायचे आहेत, लग्नाची ऑर्डर आहे, उद्या येते, असं आईला सांगून आणि शेजारच्या बाईला लक्ष ठेवायला सांगून मी गावाला गेले. बापाला पोचवला. आलेल्या नातेवाइकांत एक आत्या म्हणाली, "हलवायला नको होता त्याला." मी म्हटलं, आत्या, तुझं मत तुझ्यापाशी ठेव. त्या प्रवासाने गेला का त्याची वेळ आली होती, ते मला माहीत नाही, आत्यालाही माहीत नाही. दुसरी एक म्हातारी म्हणाली, तिला सांगायला हवं, बांगड्या उतरवायला हव्यात, नाहीतर दोष लागतो. मी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "तिच्या हाताला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे." माझं तोंड गावाला माहीत आहे.

परत जाताना मी नीट विचार केला. माझ्या आईला फसवायचं होतं, आणि ती काय काय बघते हे तिनेच मला दाखवलं होतं. डोक्यावरून अंघोळ झालेली, म्हणून केस पंख्याखाली खडखडीत वाळवले. टिकली लावली. डोळ्यांवर बर्फ धरला. आणि पनवेलच्या बाजारातल्या खानावळीतून तळलेली मांदेली बांधून घेतली. बापाची राख अजून गोळा करायची होती, आणि मी मासे घेऊन आईसमोर जेवायला बसले. नवस मोडला, सुतक मोडलं. घास तोंडात नुसता फिरत होता. काटा काढायच्या निमित्ताने मी मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

"खा, खा," आई म्हणाली. "बरा केलास. किती वालली होतीस." मग थोड्या वेळाने, "तुजा बापूस जेवतंय काय?"

"जेवतंय."

"कोनाच्या हातान?"

"वहिनीच्या."

ती जराशी खट्टू झाली. मग म्हणाली, "जेवू दे. मी जाईपरेंत जेवू दे."

मी डबा धुवायला उठले, कारण मला तिथे बसवेना. बेसिनचा नळ सोडून उभी राहिले. तेवढ्यात आतून तिची हाक आली. मोठी, खणखणीत, कित्येक आठवड्यांत ऐकली नव्हती अशी.

"गो! हिकरं ये. गलतंय बग!"

मी धावले. तिने हात स्वतःच उचलून माझ्यापुढे धरला होता. पट्टीची कड भिजली होती आणि एक थेंब कोपराकडे ओघळत होता. हात अजून सुजला नव्हता. इतक्या लवकर तिने पकडलं होतं.

"आदी चाकी बंद कर," ती म्हणाली. "मंग उशी दे. मंग त्या पोरीला बोलव. बिगीबिगी कर, पानी अंगान नाय गेला तं मी उठनार कवा? तिकरं तो एकला हाय."

मी चाकी फिरवली, तिचा हात उशीवर ठेवला आणि सिस्टरला हाक मारली.